चाकाची मागची बाजू

३ ऑक्टोबर, सोमवार

चौथं चाक सापडलं. तपासनीस साहेबांनी सकाळी साडेनऊला स्वतः फोन करून सांगितलं. पुलाखालच्या लव्हाळ्यात, गाळात अर्धं रुतलेलं होतं. नदीचं पाणी उतरलं तसं मासे धरणाऱ्या एका माणसाला काहीतरी चकाकताना दिसलं. साहेब म्हणाले, तुमचं पॉलिश चांगलं होतं हो, सव्वीस दिवस पाण्यात राहूनही चमकत होतं. त्यांना चांगलंच म्हणायचं होतं. मी आभार मानले.

दादाला जाऊनही सव्वीस दिवस झाले.

साहेब असंही म्हणाले की आठवेल ते लिहून ठेवा, तेराला तुमचा शेवटचा जबाब घ्यायचा आहे, तेव्हा उपयोगी पडेल. म्हणून ही वही. तर सुरुवातीपासून.

आमची शेड चाकांची. गाडी धुणं, इंजिन बघणं आमच्याकडे होत नाही. जुन्या गाड्यांची क्रोमची चाकं उतरवायची, साफ करायची, गंजाचे ठिपके काढायचे, वॅक्सचा हात द्यायचा आणि पुन्हा बसवायची. एकवीस वर्षं आम्ही दोघे भाऊ हेच करतो. साफसफाई आणि लेप माझ्याकडे, उतरवणं आणि बसवणं दादाकडे. नट आवळायचा पाना त्याने मला कधी हातात घेऊ दिला नाही. चाकं बसवली की गाडी गिऱ्हाइकाला लगेच द्यायची नाही, ही त्याची पद्धत. आधी स्वतः पुलापलीकडे जाऊन चार-पाच किलोमीटरची फेरी मारून यायचं, नट पुन्हा एकदा आवळायचे आणि मगच किल्ली द्यायची. याला आमच्याकडे 'पहिली फेरी' म्हणतात. गिऱ्हाईक बसायच्या आधी आपण बसायचं, असं तो म्हणायचा.

सात सप्टेंबरला आमच्या जुन्या गिऱ्हाईक डॉक्टरीणबाई, त्यांच्या गाडीची पहिली फेरी होती. पुलाच्या उतारावर पुढचं डावं चाक निघालं. गाडी कठड्यावर गेली, चाक कठड्यावरून खाली.

प्राथमिक अहवालात एक ओळ आहे: चालकाने नट पुरेसे आवळले नसावेत. उरलेल्या तीन चाकांचे नटही थोडे सैल निघाले, त्यावरून. साहेबांनी मला विचारलं होतं की नट कोणी आवळले. मी सांगितलं, दादाने. ते खरंच आहे.

४ ऑक्टोबर, मंगळवार

एक गाडी परत पाठवली. चाकं उतरवायला माणूस नाही म्हणालो. गिऱ्हाईक म्हणालं, तुम्हीच उतरवा की. मी पाठ दुखते म्हणून सांगितलं.

५ ऑक्टोबर, बुधवार

साहेब चाक घेऊन आले. त्यांच्या कार्यालयात ठेवायला जागा नाही. मोडकी गाडी आमच्याच मागच्या अंगणात ताडपत्रीखाली आहे, मोजमापासाठी काढलेली तिची तीन चाकं शेडमध्ये भिंतीला टेकून आहेत, तिथेच चौथंही राहू दे, असं ठरलं. तेराला सकाळी टेम्पो येऊन सगळी नेईल आणि मग तज्ज्ञ बघतील. जाताना बजावून गेले, याला हात लावू नका, चिखलासकट राहू दे. वर म्हणाले, तुमच्यावर विश्वास आहे म्हणून ठेवतो.

चाक बाकावर ठेवलं आहे. क्रोमवर चिखल वाळत जातो तशी त्याची साल सुटते, आणि सालीखाली ओल राहिली की सुईच्या टोकाएवढी भोकं पडायला लागतात. बाकीच्यांना ती दिसत नाहीत. मला लांबूनही दिसतात. कोमट पाणी, साधा साबण, मऊ ब्रश. दहा मिनिटांचं काम आहे. खिशात हात घालून बसलो.

बाकीची तीन चाकं मी चेहरा बाहेर करून टेकवली आहेत. पाठ भिंतीकडे. क्रोमला ओरखडा येऊ नये म्हणून.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

एक ते तीन शेड बंद असते. जेवायला घरी जातो. घर एकच आहे, वर दादा-वहिनी, खाली मी. वहिनी ताट झाकून ठेवतात आणि शिवणाच्या वर्गाला जातात. हा वर्ग त्यांनी याच आठवड्यात सुरू केला. बरंच झालं. घरात बसून काय करणार.

आज तीनला शटर उघडलं तर तीन चाकांतलं मधलं चाक उलटं फिरलेलं होतं. पाठ माझ्याकडे, चेहरा भिंतीकडे.

आधी वाटलं मीच फिरवून ठेवलं असेल. हल्ली गॅसवर दूध ठेवून विसरतो. पण मी ते फिरवणं शक्य नाही. चाक सरळ केलं. करताना मागच्या बाजूला बघितलं नाही.

८ ऑक्टोबर, शनिवार

आज दोन.

शेजारच्या पंक्चरवाल्याला विचारलं, दुपारी कोणी आलं होतं का. तो म्हणाला, मी जेवून डुलकी काढतो, तेव्हा माझं दुकान नेलं तरी मला कळायचं नाही. मग चाकांकडे बघून म्हणाला, वाऱ्याने फिरली असतील. मी म्हटलं, टायरसकट चाक आहे, वारा काय तालमीत जातो का? तो हसला. मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला आणि म्हणाला, चार दिवस बंद ठेव रे शेड, तुझा चेहरा वाळलाय. त्यानेच दादाला गाडीतून बाहेर काढलं होतं. तेव्हापासून तो माझ्याशी जपून बोलतो आणि मला ते आवडत नाही.

शटरची किल्ली माझ्याकडे आहे. दुसरी दादाकडे असायची. ती त्याच्या खिशातून मिळालेल्या वस्तूंत होती, रुमाल, चष्मा यांच्याबरोबर. ते पाकीट वहिनींनी घेतलं आणि कपाटात ठेवलं.

संध्याकाळी चहा देताना वहिनींच्या हातांना लिंबाचा वास आला. सरबत केलंत का विचारलं. त्या 'नाही' म्हणाल्या. उजव्या अंगठ्याचं नख तुटलेलं आहे. शिवणयंत्रात अडकलं म्हणे. आम्ही शेडमध्ये काळे हात धुवायला जो साबण ठेवतो त्यालाही लिंबाचा वास असतो, त्यामुळे दादा घरी आला की जिन्यापासूनच कळायचं. क्षणभर वाटलं, तोच वर आलाय.

१० ऑक्टोबर, सोमवार

तिन्ही.

तिन्ही चाकं पाठ दाखवून उभी होती, एका ओळीत, सारख्या अंतरावर. दादा जशी लावायचा तशी. आणि मधल्या चाकाच्या मागे, बोल्टच्या भोकाशेजारी, लेपात एक चरा. नवा. नखाने ओढावा तसा.

मी शटर अर्धं ओढून बाकावर बसलो. बाहेर ट्रक जात होते. प्रत्येक ट्रक गेला की क्रोमच्या कडेवरून उजेडाची एक पट्टी सरकायची आणि मला वाटायचं, कोणीतरी चाकामागून चाललंय. मोठ्याने म्हटलं, "काय पाहिजे तुला?" उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. तरी थांबलो.

साहेबांनी सगळं लिहा म्हटलंय. तर लेपाबद्दल लिहितो.

नेहमी मी वॅक्स देतो, दोन हात, धूसर झालं की पुसून काढायचं. तीन-चार महिने टिकतं. ऑगस्टमध्ये मी नवा लेप आणला. पारदर्शक, ब्रशने द्यायचा, दोन दिवस वाळवायचा. काचेसारखा जाड बसतो. पाच वर्षं गंज नाही, असं डब्यावर लिहिलेलं. डॉक्टरीणबाईंची गाडी त्यांच्या वडिलांची. गाडी सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, दरवर्षी गंज आतून येतो हो, बाहेरून कितीही केलं तरी. मला ते लागलं. त्यांचा दोष देण्याचा सूर नव्हता, पण एकवीस वर्षं मीच ती चाकं करतोय.

दादाचा नियम होता की लेप चेहऱ्याला द्यायचा. मागच्या बाजूला, जिथे चाक गाडीला टेकतं, तिथे बोटसुद्धा लावायचं नाही. तिथे धातूला धातू लागला पाहिजे. मध्ये काही आलं तर चालताना ते गरम होतं, दबतं आणि नट कितीही आवळलेले असले तरी सैल पडतात. हे मला माहीत होतं. हा नियम वॅक्ससाठी होता, असं मी तेव्हा धरलं. लेप वाळून दगड होतो, मग तो काय दबणार.

वाळल्यावर चारही चाकं मी चेहरा वर करून घोंगडीवर मांडली. दादा आला, नुसता बघत राहिला. म्हणाला, "आरसा केलास की रे." उलटं करून बघ म्हणायची तेव्हा काही गरज नव्हती. तो माझं काम कधी तपासत नसे.

एवढंच. यावरून काही सिद्ध होत नाही. नट त्याने आवळले.

११ ऑक्टोबर, मंगळवार

डॉक्टरीणबाईंचा फोन आला. गाडीचं काय करायचं ते तेरानंतर ठरवतील. मग म्हणाल्या, अहवालात काय आहे ते मला कळलं, तुमच्या भावाबद्दल माझ्या मनात राग नाही, माणसाच्या हातून चूक होते. मी हो म्हटलं.

हो म्हटलं मी.

आज जेवायला घरी गेलो आणि दुपारी शेड उघडायला परत गेलोच नाही. संध्याकाळी वहिनींनी विचारलं, आज शेड बंद का. मी म्हटलं, कोण येतंय? त्या म्हणाल्या, कोणी येत असेल तर? आणि भाजी चिरायला लागल्या. सुरी फळीवर जरा जोरात पडत होती.

१२ ऑक्टोबर, बुधवार. दुपार

हे शेडमध्ये बसून लिहितो आहे. जे झालं ते लगेच लिहिलं नाही तर उद्या मी ते वेगळं लिहीन.

सकाळी गंज सोडवायचं द्रावण आणि चिंध्या काढून ठेवल्या. लेप त्याने सुटतो. चार चाकांच्या मागचा सपाट भाग पुसायचा, बोल्टची भोकं आतून पुसायची, एक तास. तज्ज्ञ मग फक्त स्वच्छ धातू बघेल. मी हे काय करतोय ते मला कळत होतं. त्याचं नाव मात्र मी घेत नव्हतो. मनात म्हणत होतो, साफसफाई माझ्याकडेच असते.

घरी निरोप ठेवला की आज जेवायला येत नाही. तो वहिनींना मिळाला नसावा. त्या सकाळीच बाहेर पडल्या होत्या.

एकला शटर अर्ध्याखाली ओढून घेतलं. चौथ्या चाकापासून सुरुवात करायची ठरवली. ते बाकावर चेहरा वर करून होतं. उलटं करायच्या आधी चिखल गळू नये म्हणून ओल्या फडक्याने एक हात फिरवला. खरं तर राहवलं नाही. मधला भाग उघडा पडला, तळहाताएवढा. साहेबांचं खरं होतं. पॉलिश टिकलं होतं.

क्रोम सपाट नसतं, त्यामुळे त्यात सगळं लहान आणि वाकडं दिसतं. त्या तळहाताएवढ्या जागेत मला माझा चेहरा दिसला, त्यामागे छताची पन्हळ, आणि त्यामागे शटरखालून आत आलेला उजेड. मग उजेडात एक माणूस उभा राहिला. निळं जाकीट. दादाचं कामाचं जाकीट, एका कोपराला ठिगळ असलेलं. जरासा वाकलेला, हात लांब, डोकं बारीक.

मी वळलो नाही. वळलो असतो तर तो गेला असता, असं वाटलं. चिंधीतून द्रावण मनगटावर ओघळत होतं आणि झोंबत होतं.

म्हटलं, "दादा, मी मागच्या बाजूलाही दिला होता लेप. भोकांतसुद्धा. नट तू बरोबरच आवळले होतेस."

ट्रक गेला. मग मागून आवाज आला.

"माहीत आहे मला, भावजी."

वहिनी होत्या. कपडे खराब होऊ नयेत म्हणून जाकीट घालून यायच्या रोज. दादाची किल्ली त्यांच्या हातात होती. शिवणाचा वर्ग कुठलाच नव्हता. मी खाली बसलो, जमिनीवरच. त्यांनी आधी माझ्या हातातली चिंधी घेतली, माझं मनगट नळाखाली धरलं, लिंबाच्या साबणाने धुतलं, आणि मग त्या दादाच्या स्टुलावर बसल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा पहिली चार वर्षं त्या या शेडमध्ये नट मोजून डब्यात भरायच्या. मागच्या बाजूला लेप लावायचा नाही, हे त्यांनाही तेव्हापासून माहीत होतं. मी विसरलो होतो की त्यांना माहीत आहे.

त्यांनी सांगितलं ते असं. अहवालातली ओळ वाचून त्यांना झोप लागेना. नवरा कसाही असेल, घरात चष्मा शोधत फिरणारा असेल, पण नट सैल सोडणारा नव्हता. म्हणून एके दुपारी येऊन चाकं पाहिली. नखाने खरवडलं तर लेप. मग रोज येऊन एकेक फिरवून ठेवलं.

मी विचारलं, मला सरळ का नाही विचारलंत?

"विचारलं असतं तर तुम्ही 'नाही' म्हणाला असता," त्या म्हणाल्या. "आणि मग उभा जन्म त्या 'नाही'ला धरून बसला असता. ओळखते मी तुम्हाला."

मी म्हटलं, मग साहेबांना तुम्ही सांगायचं होतं. त्या म्हणाल्या, मी सांगितलं तर बायको नवऱ्याची बाजू सावरते म्हणतील, आणि तुम्ही गप्प राहिलात तर मी खोटी ठरेन. तुम्ही सांगितलंत तर ते कागदावर चढेल.

मी रडलो का, ते लिहीत नाही. त्यांनी रागावून काही बोलावं असं वाटत होतं, त्या बोलल्या नाहीत. फक्त एकदा बाकावरच्या चाकाकडे बघून म्हणाल्या, "त्यांनी उलटं करून बघायला हवं होतं. बघितलं नाही. तेही सांगा. त्यांच्या वाटणीचं त्यांच्याकडे राहू दे, आणि तुमच्या वाटणीचं तुमच्याकडे."

त्यानंतर त्या घरी गेल्या. जाताना जाकीट खुंटीला अडकवून गेल्या. मी अजून तिकडे नीट बघितलेलं नाही. मघाशी वाऱ्याने त्याची बाही हलली आणि मी 'हो' म्हणालो. कशाला, ते माहीत नाही.

संध्याकाळ

साहेबांना फोन केला. सांगितलं की मी एका चाकाचा तळहाताएवढा भाग पुसला आहे, मागच्या बाजूला हात लावलेला नाही, आणि उद्या मला आधीचा जबाब बदलायचा आहे. त्यांनी विचारलं, कशाबद्दल? मी म्हटलं, लेपाबद्दल. साहेबांनी कागद पुढे ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, चाक पुसायला नको होतं. बाकीचं फोनवर सांगू नका, समोर सांगा, लिहून घेतो. आवाज बदललेला होता. विश्वास आहे म्हणून ठेवतो म्हणणारा तो आवाज नव्हता.

वहिनींनी माझ्यासमोर बसून जेवण केलं. खूप दिवसांनी. त्यांना माझं तोंड बघवत असेल असं वाटलं नव्हतं, आणि बघवतही नसावं, कारण त्या सगळा वेळ ताटाकडे बघत होत्या. पण उठून गेल्या नाहीत. मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंनाही सांगायला हवं, त्यांनी माझी चूक दादाच्या नावावर माफ केली आहे. वहिनी म्हणाल्या, आधी कागद, मग फोन.

उद्या सकाळी नऊला टेम्पो येऊन चारही चाकं नेणार. साहेबांच्या सांगण्यावरून ती तशीच जातील, चिखल, चरा सगळ्यासकट. तज्ज्ञ दुपारपर्यंत लेपाची जाडी मोजतील. माझा जबाब अकराला आहे. शेडचा परवाना बहुधा उद्याच जमा करून घेतील. पुढे माझ्यावर काय कारवाई होईल ते साहेबांनाही आज सांगता आलं नाही. सुधारलेला अहवाल यायला पंधरा दिवस लागतात. त्यात चालकाबद्दलची ती ओळ राहणार नाही, असं वहिनींना वाटतं. मलाही.

कार्यालय पुलापलीकडे आहे. बस जाते, पण वहिनी म्हणाल्या, चालत जाऊ. दहाला निघायचं ठरलं आहे.